लांबून बघायची गणितपेटी

मी शेणव्याच्या शाळेत बाई आहे. शहापूरहून एक सर वर्षातून दोनदा आमच्याकडे येतात, ‘हाताने शिका गणित, हाताने शिका संगणक’ ही कार्यशाळा घेतात आणि पुढे मुरबाडला जातात. दर वाक्याला ‘बरोबर की नाय?’ विचारतात, पण उत्तरासाठी कधी थांबत नाहीत. त्यांच्या पेटीतले लाकडी त्रिकोण आणि घन अजून प्लास्टिकच्या पिशव्यांतच आहेत. लॅपटॉपच्या स्क्रीनवरचं नवेपणीचं प्लास्टिकही त्यांनी काढलेलं नाही. कुणी पोर पुढे सरकलं की ओरडतात, “लांबूनच बघा रे! तुकडा हरवला तर मुरबाडला काय दाखवू?”

परवा त्यांनी एका मुलीच्या हातात घन दिला, फोटो काढला, घन रुमालाने पुसला आणि परत पिशवीत ठेवला. मी बघत होते.

निघताना त्यांनी तिलाच विचारलं, “सांग गो, आज हातांनी काय काय केलंस?”

“टाळ्या वाजवल्या, सर.”

सर खूश झाले. अहवालात त्यांनी लिहिलं, ‘मुलांचा प्रत्यक्ष सहभाग उत्तम.’ खाली शाळेतर्फे सही माझी आहे.