सेरंगूनची नोटीसवाली बाई

आमच्या ऑफिसातल्या जुन्या फाइली श्रेडरमध्ये जातात. किस्से कुठल्या मशीनमध्ये घालणार? ते साठतच जातात. शनिवारी इथे सिंगापुरात, पुंगोलला आमच्या घरी चार मराठी कुटुंबं जमली, की पोह्यांच्या बश्या हातात पडायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "वैशाली, ते तुझं नोटिशीचं सांग ना!" म्हणजे माझी फजिती ऐकायची असते सगळ्यांना. बहुतेक किश्श्यांत गाढवपणा माझाच असल्यामुळे सांगायला कुणाची परवानगीही लागत नाही. तेवढी एक सोय आहे.

ऑफिस म्हणजे सेरंगूनच्या मॉलमागे, एका चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. माणसंही दोनच. मालक मिस्टर गोह आणि मी. लोकांना कंपन्या काढून देणं हा आमचा धंदा. सिंगापूरची कंपनी म्हणजे काय हो, लॅपटॉप उघडायचा, फॉर्म भरायचा, कॉफी गार व्हायच्या आत कंपनी तयार! त्या जोरावर मी इतकी फुशारकी मारायचे, की भाजीवालीलासुद्धा विचारलं असेल, "कंपनी काढायचीय का?"

पण काही गिऱ्हाइकांना कंपनी हवी असते दुसऱ्या देशात. आणि तिथे काही ठिकाणी कायदा म्हणतो, आधी पेपरात नोटीस द्या. या 'पेपरात नोटीस'ने माझी सगळी हवा काढली.

*

पहिला दणका न्यूयॉर्कचा. तिथे एलएलसी, म्हणजे तिकडची छोटी कंपनी, काढली की एक रोजचा आणि एक आठवड्याचा, अशा दोन पेपरांत सलग सहा आठवडे नोटीस छापावी लागते. पेपर कोणते, ते तिथला सरकारी क्लार्क ठरवतो. आमच्या गिऱ्हाइकाच्या नशिबी आला एका खेडवळ भागातला साप्ताहिक पेपर.

छापल्याचा पुरावा म्हणून पेपरवाल्यांचं एक पानी प्रतिज्ञापत्र पुरतं. पण मला कोण सांगणार! मी आपली पक्की पुणेरी. म्हटलं, पुरावा म्हणजे पुरावा! सरळ दोन्ही पेपरांची वर्गणी भरली, सिंगापूरच्या पत्त्यावर.

दोन महिन्यांनी दोन खोकी आली. गोहसाहेबांनी उघडून बघितली, एक अंक काढला आणि वाचत बसले. मी मान खाली घालून शिव्या खायच्या तयारीत.

संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी आले. चेहरा गंभीर. म्हणाले, "वैशाली, वर्गणी वाढव."

"का सर?"

"चौथ्या अंकात एकाची बकरी हरवलीय. सापडली की नाही, सहाव्यातसुद्धा दिलेलं नाही!"

*

आता आमचे चीफ. सावंत त्यांचं नाव, पण बोटीवर चीफ इंजिनिअर, म्हणून सगळे चीफच म्हणतात. गाव मालवण. बोट दुरुस्तीला इथल्या ड्रायडॉकमध्ये होती, म्हणून ते काही महिने बेडोकला खोली घेऊन राहत होते. मालवणात त्यांचं आणि वहिनींचं भागीदारीतलं वर्कशॉप आहे, मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं. चीफ समुद्रावर आणि वर्कशॉप वहिनी चालवणार, असं वीस-बावीस वर्षं चाललेलं.

इथल्या एका स्पेअर पार्टवाल्यांनी त्यांना एजन्सी देऊ केली. अट एकच. भागीदारी चालणार नाही, जूनअखेर लिमिटेड कंपनी पाहिजे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, सगळ्या बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या, इंजिनं खोलायचा तोच मोसम.

"मॅडम," चीफ म्हणाले, "हे जमलं तर मी घरी. नाही जमलं, तर आणखी नऊ महिन्यांचं काँट्रॅक्ट. बायकोला मी आता अठ्ठावन्नाव्या वर्षी काय तोंड दाखवू?"

भागीदारीची कंपनी करायची तर आपल्याकडे एक नोटीस इंग्रजी पेपरात आणि एक त्या जिल्ह्यातल्या मराठी पेपरात द्यावी लागते. कुणाची हरकत असेल तर त्याने एकवीस दिवसांत कळवायचं. सही करायला तिकडचे सीए होते, बाकी सगळं माझ्याकडे. आमच्या ऑफिसचा 'इंडिया डेस्क' म्हणजे माझं टेबल!

मी म्हटलं, "चीफ, तुम्ही निश्चिंत राहा." हे वाक्य मी ज्याला ज्याला म्हटलंय, त्याची झोप उडालीय.

*

चीफनी हौसेने स्वतःच मराठी मसुदा लिहून आणला. सगळ्यात वर '॥ श्री गणेशाय नमः ॥'. खाली 'आमचे येथे श्रीकृपेकरून भागीदारीचे रूपांतर कंपनीत करण्याचे योजिले आहे'. त्याखाली वहिनींचं नाव, माहेरच्या नावासकट. आणि शेवटी, 'तरी आपण सहकुटुंब हरकत घेण्यास यावे, ही विनंती'.

"चीफ, ही लग्नपत्रिका नाहीये!"

"मग? शुभकार्यच आहे ना!"

बरं, मी हसले, खोडलं आणि म्हटलं, माझ्या मराठी मीडियमचा आता तरी उपयोग होऊ दे. सगळं स्वतः लिहिलं. पेपरही स्वतः निवडला. सगळ्यात जास्त वाचला जाणारा. छापून आलं तेव्हा मी गोहसाहेबांना कौतुकाने स्क्रीनवर दाखवलं.

तिकडून सीएंचा फोन. "ताई, ही पुणे आवृत्ती आहे. मालवण सिंधुदुर्गात येतं."

"अहो, पण पुण्यात छापलं की..."

"की काय?"

की सगळ्या महाराष्ट्राला कळतं, असं म्हणणार होते. गिळलं.

*

दुसऱ्यांदा आवृत्ती बरोबर निवडली. तीन-तीनदा तपासली. फक्त आवृत्तीच तपासली, हे नंतर लक्षात आलं.

छापून आलं ते असं: 'सदर कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय येथे पत्ता लिहावा येथे असेल.'

नमुन्यातली ओळ तशीच गेली होती! चीफनी वाचलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणाले, "मॅडम, हा पत्ता मालवणात नेमका कुठे येतो?"

गोहसाहेबांना मराठी येत नाही, याचा मला आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता. पण आनंद टिकेना. मे अर्धा सरत आला होता. आता तिसरी नोटीस चुकली असती, तर चीफ बोटीवर गेले असते आणि ते केवळ माझ्यामुळे. त्या आठवड्यात मी इतकी घाबरले होते, की घरी किराण्याची यादीसुद्धा कुणाला तरी वाचून दाखवायचे.

*

तिसरी नोटीस अगदी बिनचूक छापली. सीएंना पेपरचं अख्खं पान हवं होतं, म्हणून वहिनींना फोन केला. "वहिनी, कालचा पेपर जपून ठेवलाय ना?"

"व्हय तर! अंगणात आहे."

"अंगणात?"

"सोलं वाळत घातली आहेत ना त्याच्यावर."

कोकमाच्या रसात माझी बिनचूक नोटीस लालभडक झाली होती! मी रडकुंडीला आले. वहिनी मात्र मजेत. "अगो, घाबरतंस कशाला? शेजारच्यांचा आणून देते. त्यांच्याकडे सोलं उद्या घालणार आहेत."

*

आणि एक शहाणपणा राहिलाच. लोकांना सोयीचं व्हावं म्हणून मी नोटिशीत माझा मोबाइल नंबर दिला होता. कायद्याने मागितलेला नसताना! नोटीस नेमकी वधू-वर जाहिरातींना चिकटून छापलेली. फोन सुरू झाले. एकाला जुनं इंजिन विकायचं होतं, एकाला सिंगापूरला नोकरी पाहिजे होती.

एकदा मी आंघोळीला गेलेली, फोन माझ्या लेकीने घेतला. पलीकडे कुणी काकू. "मुलगा काय करतो हो?"

आमचं कन्यारत्न इथल्या शाळेतलं. मराठी कळतं, पण बोलताना गाडी सिंगापूरच्या वळणानेच जाते. ती शांतपणे म्हणाली, "आंटी, धिस वन कंपनी लाह! कॅनॉट मॅरी!"

*

विसाव्या दिवशी सीएंचा मेसेज आला. 'हरकत आली आहे. पत्र मागाहून पाठवतो. हरकत घेणारे: सावंत यांचे थोरले बंधू.'

मी लगेच चीफना बोलावलं. त्यांनी खुर्चीत बसून मेसेज दोनदा वाचला. मग कळलं. थोरले भाऊ, म्हणजे नाना, वर्कशॉपच्या शेजारीच राहतात. अकरा वर्षांपूर्वी वडिलांच्या जागेची वाटणी झाली, तेव्हापासून दोघा भावांत अबोला. वर्कशॉप त्याच जागेवर उभं.

"जागा मागणार तो," चीफ म्हणाले. "मला माहीतच होतं." त्यांनी माझ्यासमोरच जहाजाच्या एजंटला फोन लावला. नऊ महिन्यांची बोट आहे का, म्हणून विचारलं. मला इतकं वाईट वाटलं, की काय सांगू!

आणि वाईट वाटलं की मी काय करते? काम करते! पत्र वाचायच्या आधीच मी उत्तर लिहायला घेतलं. वाटणीपत्र, गट नंबर, कलमं, सगळं. तीन पानी. गोहसाहेब डोकावून म्हणाले, "त्याचं म्हणणं काय आहे?"

"अजून वाचलं नाही सर."

त्यांनी माझा कीबोर्ड हळूच बाजूला सरकवला.

दुसऱ्या दिवशी पत्र आलं. आखीव कागद, निळी शाई. चीफना दिलं, तर म्हणाले, "मॅडम, तुम्हीच वाचा." मी मोठ्याने वाचलं.

'विषय: हरकत. आपली जाहीर नोटीस वाचली. पेपर मी रोज अथपासून इतिपर्यंत वाचतो. कंपनी काढण्यास माझी हरकत नाही. जागेबद्दलही नाही. माझे घर आणि सदर वर्कशॉप यांच्यात फक्त एक कुंपण आहे. असे असताना कंपनी होणार, म्हणजे धाकटा भाऊ बोट सोडून कायमचा घरी येणार, ही गोष्ट मला पेपरातून कळावी, याला माझी सक्त हरकत आहे. कळावे.'

चीफनी पत्र माझ्या हातातून घेतलं आणि स्वतः वाचलं. मग चष्मा काढून पुसत बसले. मी माझी तीन पानं हळूच ड्रॉवरमध्ये सरकवली.

मी गोहसाहेबांना इंग्रजीत सांगितलं. विचारलं, "सर, याला उत्तर कुठल्या फॉरमॅटमध्ये द्यायचं?"

ते चीफकडे बघून म्हणाले, "फॉरमॅट कसला? त्याला नोटीस हवीय. हाताने नेऊन द्या लाह!"

चीफ त्याच रात्रीच्या विमानाने गेले.

चार दिवसांनी नानांनी हरकत मागे घेतल्याचं पत्र सीएंकडे पोचलं. एजंटची बोट चीफशिवाय सुटली. जून संपायच्या दोन दिवस आधी कंपनी झाली, तेव्हा मी ऑफिसात एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग जुलैत मालवणहून एक पाकीट आलं. आत चिठ्ठी नव्हती, फक्त आमच्याच पेपरचं, आमच्याच आवृत्तीचं कात्रण. नोटीस नानांनी स्वतः लिहून दिलेली, एकही चूक नाही:

'जाहीर नोटीस. तमाम जनतेस कळविण्यात येते की, माझ्यात आणि माझ्या धाकट्या भावात गेली अकरा वर्षे असलेला अबोला संपुष्टात आला आहे. याबाबत कोणाची हरकत असल्यास त्याने एकवीस दिवसांच्या आत समक्ष घरी यावे. दोघेही घरीच आहोत.'