पट्टा काढून या

त्या दिवसांत माझा देवावर राग होता. पोलीस उपअधीक्षकाची खुर्ची बाहेरून भारी दिसते हो, पण बसणाऱ्याची झोप उडालेली असते. छातीत धडधड व्हायची. साताऱ्याला घरी फोन केला की बायकोवरच खेकसायचो. तिनं एकदा विचारलं, "देवाचं नाव तरी घेता का?" मी म्हटलं, "त्याला सांग, एक दिवस माझ्या खुर्चीत बसून दाखव म्हणावं."

आणि नेमकी कडेगाव भागातल्या एका गावची भैरोबाची यात्रा आली. पालखी आधी कोणत्या आळीत न्यायची, यावरून वरची आळी आणि खालची आळी एकमेकांच्या जिवावर उठलेली. बैठका घेऊन घेऊन माझा घसा बसला होता. भर दुपारी देवळासमोर दोन्हीकडचे गडी काठ्या घेऊन उभे राहिले. मध्ये बायका-लेकरं अडकलेली. वरिष्ठांचा फोन आला, "निर्णय घ्या." लाठीमाराचा हुकूम अगदी ओठावर आला होता. चेंगराचेंगरी झाली तर या लेकरांचं काय, एवढंच डोक्यात.

तेवढ्यात म्हातारा गुरव गर्दीतून वाट काढत आला. "सायेब, देवाला कौल लावूया की. पण ह्या आळीचा माणूस त्या आळीला चालत न्हाई. तुमी परके, तुमीच इचारा."

"अहो, मला काय कळतंय त्यातलं!"

"कळायचं काय हाय त्यात? पट्टा काढून या. चामडं आत चालत न्हाई."

मी चिडलोच. तरी पिस्तुलासकट पट्टा हवालदाराच्या हातात दिला आणि अनवाणी आत गेलो. गुरवानं ओल्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलं चिकटवली. उजवं पडलं तर वरची आळी, डावं पडलं तर खालची. कौल लावला की तो मिळेपर्यंत त्या गावात कुणी बोलत नाही, जागचं हलत नाही. बाहेरचा गलका थांबला. मी हात जोडले आणि मनात म्हणालो, देवा, आता माझ्यानं होत नाही, तूच बघ. डोळ्यांत पाणी आलं, त्याची लाजही वाटली नाही.

फूल पडेना. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग उजवं पडलं. खालच्या आळीचा म्होरक्या दारातच उभा होता. त्यानं काठी भिंतीला टेकवली. "देवानं दिलं, मग आमचं काय न्हाई," म्हणाला आणि पालखीला पहिला खांदा त्यानंच दिला.

फूल पाण्यानं सैल झालं असेल, मी वाद घालत नाही. एकाही लेकराला ओरखडा आला नाही, भैरोबाचे ते उपकार मी विसरणार नाही. बंदोबस्त आजही मीच लावतो, जबाबदारीही माझीच. फक्त बंदोबस्ताला निघताना पट्टा एक भोक सैल बांधतो आणि घरी फोन करून बायकोला सांगतो, "निघालोय. नाव घेतलंय."