सहा वाजताची कळ

फोन आला तेव्हा मी आमटीत कडक भाकरी मोडत होतो. पलीकडून शैलावहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले." मी विचारलं, "कुठं?" जन्मभर पुस्तकं वाचलेल्या माणसाला मित्राच्या मृत्यूच्या बातमीवर एवढंच सुचलं.

डॉक्टर अनंत माझा शाळेपासूनचा दोस्त. सोलापुरात वर घर, खाली दवाखाना. गप्पा मारायला म्हणून मी तिथं बसायचो. एकदा वळसंगचे एक आजोबा पोट धरून आले. अनंतने पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, गोळ्या लिहिल्या आणि सहज विचारलं, "नातू कुठं असतो आता?"

"पुण्याला गेला की. तुमाला कुणी सांगितलं?"

"तुमच्या पोटानं."

आजोबा हसले आणि मग बराच वेळ नातवाबद्दलच बोलत राहिले. बाहेर रांग वाढत होती, अनंतला घाई नव्हती.

मन आणि शरीर एकच, असं मात्र तो कधी म्हणत नसे. ते म्हणणारे वेगळे असतात. त्यांच्या एका शिबिराला त्याला प्रमुख पाहुणा म्हणून नेलं होतं. मोठा फलक, शंखनाद, शाल, नारळ. आधीच्या वक्त्यांनी ब्रह्मांडाची ऊर्जा थेट मणक्यात आणून सोडली होती. अनंत उठला, म्हणाला, "जेवण वेळेवर करा. जमलं तर कुणाबरोबर तरी करा," आणि खाली बसला. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे सभागृहाला कळेना. ती शाल पुढच्या आठवड्यात तपासणीच्या टेबलावर अंथरलेली दिसली.

माझी पत्नी मालती गेली आणि काही दिवसांनी माझ्या छातीत कळ येऊ लागली. मला वाटलं, आता आपलाही नंबर. अनंतने कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं, हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सगळं ठीक निघाल्यावरच त्याने विचारलं, "कधी येते?"

"संध्याकाळी. सहाच्या सुमाराला."

मालती पोस्टातून सुटून सहाच्या सुमाराला फाटकाशी स्कूटर लावायची, हे त्यालाही माहीत होतं. मी आधीच बजावलं, "मनाचं वगैरे सांगू नकोस. मला खरोखर दुखतं."

"खरोखरच दुखतंय. मी कुठं नाही म्हटलं?"

दुसऱ्या दिवसापासून तो रोज सहाला येऊ लागला. रक्तदाब मोजायचं निमित्त. मोजायचा, मग चहा, मग तासभर माझ्या वाचनाची टिंगल. त्या वेळेला दवाखान्यात गर्दी असायची. तो परतेपर्यंत ती ताटकळायची, हे मला पुढे कंपाउंडरकडून कळलं. कळ कमी झाली... कधी थांबली ते लक्षातही आलं नाही.

तो गेल्यावर कळ परत आली. त्याच वेळेला. आता दाखवायचं कुणाला? एका संध्याकाळी घरात बसवेना म्हणून वहिनींकडे गेलो. दवाखान्याचं शटर बंदच होतं.

"उघडायला गेलं की उजवा खांदा धरतो," वहिनी म्हणाल्या. "किल्ली फिरवेपर्यंत काही होत नाही. शटरला हात लावला की हात वरच जात नाही. मुलगी म्हणते, आई, तुझ्या मनाचं आहे."

"आधी एक्स-रे काढू," मी म्हणालो.

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग हसल्या. "अगदी ह्यांच्यासारखं बोलता की."

एक्स-रे स्वच्छ आला. परवा आम्ही दोघांनी मिळून शटर उचललं. एक बाजू त्यांची, एक माझी. आत स्पिरिटचा वास अजून होता. खुर्चीच्या पाठीवर त्याचा ॲप्रन तसाच, खिशात बडीशेपेची पुडी. वहिनींनी अर्धी खोली झाडली आणि दमून रोग्यांच्या बाकावर बसल्या. मीही बसलो. बाहेर दिवे लागले होते. सहा वाजून गेल्याचं मला तेव्हा कळलं.

"राहिलेली उद्या झाडू," वहिनी म्हणाल्या. "ह्याच वेळेला या."