इंग्रजीतून मागितलेली क्षमा

दौंडला काका-काकूंकडे राहायला आले, तेव्हा पहिल्या संध्याकाळपासून मला एकाच गोष्टीची धास्ती होती. जेवणाआधीची घरगुती प्रार्थना. आमच्या शिरूरच्या घरी पप्पा एकटेच प्रार्थना करायचे आणि आम्ही ‘आमेन’ म्हणायचो. इथे प्रत्येकाने आळीपाळीने, मोठ्याने करायची. मी शाळेत शिकलेली इंग्रजी प्रार्थना पुटपुटून सुटका करून घेतली. काका म्हणाले, “देवाला कळलं ना, मग झालं.” तेव्हापासून माझी पाळी इंग्रजीतच. कुरकुंभच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये दिवसभर कोणाशी फारसं बोलावं लागत नसे, आणि घरी देवाशीही मी अशी आडूनच बोलायचे.

काकू निमोणे गावच्या. मुलं मोठी झाल्यावर चर्चच्या पाळकीणबाईंकडे बसून त्या वाचायला शिकल्या. चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायची पाळी आली की आठवडाभर ओट्यापाशी पवित्र शास्त्र उघडं ठेवून सराव करायच्या. ओळीखाली बोट धरून, शब्दाशब्दाला थांबत.

चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, पण नकला मला छान जमतात. एका रविवारी दुपारी मी काकूंच्या वाचनाची हुबेहूब नक्कल रेकॉर्ड करून चर्चच्या तरुण संघाच्या ग्रुपवर टाकली. त्यांना लागणारा दम, पान उलटण्याआधीचा खाकरा, सगळं. हसणारे चेहरे येत राहिले. इतकी दाद मला कधीच मिळाली नव्हती.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर चहा चालू असताना कोणीतरी ते रेकॉर्डिंग सगळ्यांपुढे वाजवलं. काकू किटलीतून चहा ओतत होत्या. क्षणभर थांबल्या, मग सगळ्यांबरोबर हसल्या. “कोन गं ही? माझ्यापरीस बरं वाचतीय की!” माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. पण पुढची पाळी आली तेव्हा पाळकीणबाईंना म्हणाल्या, “डोळ्याला दिसंना झालंय, दुसऱ्या कुनाला द्या.” घरी सुईत दोरा त्या चष्म्याशिवाय ओवत होत्या.

महिन्याचा पहिला रविवार जवळ आला, म्हणजे प्रभुभोजन, पुढे जाऊन भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा. कोणाचा अपराध केला असेल तर आधी त्याच्याशी समेट करा, मग पुढे या, असं पाळकसाहेब दर वेळी सांगतात. शनिवारी संध्याकाळी काका यवतला लग्नाला गेले होते, आम्ही दोघीच होतो. जेवणाआधी प्रार्थनेची माझी पाळी आली तेव्हा मी सगळं कबूल केलं. नक्कल मी केली, का केली, किती लाज वाटते. इंग्रजीत. काकू शेजारी डोळे मिटून बसल्या होत्या. शेवटी त्या नेहमीसारखं मोठ्याने ‘आमेन’ म्हणाल्या आणि मला वाटलं, सुटले.

रविवारी मी पुढे जाऊन गुडघे टेकले, भाकर आणि द्राक्षारस घेतला. परत वळले तर काकू बाकावरच. रांग संपली तरी त्या उठल्या नाहीत.

घरी आल्यावर त्या कांदा चिरायला बसल्या. मी विचारलं, “काकू, तुम्ही का गेला नाहीत?”

“मनात राग हाय एकीचा. राग घिऊन कसं जायाचं?”

मग म्हटलं, “काकू, तो आवाज माझा होता.”

“ठावं हाय. दोन वरीस माझ्या घरात ऱ्हातीस, आन् तुझा आवाज वळखायची न्हाई व्हय मी?”

“मग बोलला का नाहीत?”

“तू बोलशील म्हनून वाट बघत व्हते.”

“मी काल बोलले. प्रार्थनेत.”

“व्हय, त्याच्याशी बोललीस. रडवेली झालीस, ते बी ऐकलं. पर मी शेजारीच बसले व्हते ना, पोरी.”

घरच्याच भाषेत मला धड वाक्य जुळेना. “मी वाईट वागले, माफ करा,” एवढंच निघालं. काकूंची सुरी थांबली नाही. “करते. पर राग लगीच गेला म्हनलं तर खोटं व्हईल. जाईल हळूहळू. तवर ते खोबरं किस.”

त्या महिन्यात त्या माझ्याशी कमी बोलल्या. डबा मात्र रोज भरून द्यायच्या, भाजीही माझ्या आवडीची. मी ग्रुपवर लिहिलं की मी माझ्या काकूंची थट्टा केली, ते चुकलं. या वेळी कोणाचा हसरा चेहरा आला नाही. काकूंना हे मी सांगितलं नाही.

शास्त्रपाठ त्यांनी अजून परत घेतलेला नाही. पाळकीणबाई विचारतात, त्या “बघू” म्हणतात. क्षमा मिळाली तरी मी मोडलेलं सगळं काही जागेवर आलं नाही.

पुढच्या प्रभुभोजनाला मात्र मीच बाकावर बसून राहिले. उठायची हिंमत होईना. काकू उठल्या, पदर सारखा केला आणि माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, “ऊठ की! म्हातारी मी हाय का तू?” आणि मला पुढे घालून चालू लागल्या.