ओल्या लाकडातली पाच बोटं

बहारीनच्या मआमीर भागातल्या आमच्या सुतारकामाच्या वर्कशॉपमधून आजवर काय काय बाहेर पडलंय ते विचारू नका. स्वयंपाकघराची कपाटं, बैठकीचे कोच, एका हौशी गृहस्थाच्या ससाण्यासाठी मखमल लावलेला स्टँडसुद्धा. पण शवपेटी? आणि तीसुद्धा तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी मेलेल्या बाईच्या मापाची? ही ऑर्डर आली तेव्हा मी खुर्चीतून ताडकन उठलो. घाबरून नव्हे हो, आनंदाने!

ऑर्डर आणली होती डेन्मार्कच्या एका मॅडमनी. त्या पुरातत्त्व संशोधक. हिवाळ्यात बहारीनमधली जुनी थडगी उकरायला यायच्या, पण त्यांचा खरा जीव त्यांच्या देशातल्या थडग्यांवर. पहिल्याच दिवशी चहात बिस्किट बुडवत त्यांनी मला सगळं समजावलं. तिकडे कांस्ययुगात ओकचं अख्खं खोड उभं चिरायचे आणि दोन्ही अर्धे आतून कोरायचे. एका अर्ध्यात माणूस, दुसरा अर्धा झाकण. वर मातीची टेकडी.

"इथल्या थडग्यांत हाडं उरतात, बाकी सगळं जातं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे उलटं. पेटीत पाणी साचतं, हाडं विरघळतात. लोकरीचा झगा राहतो. केस राहतात. नखं राहतात."

बिस्किट तुटून चहात पडलं. त्यांचं नव्हे, माझं.

त्या जुन्या पेट्यांच्या आत हत्यारांचे घाव अजून दिसतात म्हणे. रोज वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, चालवणाऱ्या माणसाच्या हातून, कांस्याच्या वाकसाने, तसेच घाव पडतात का, हे मॅडमना बघायचं होतं. त्यासाठी त्यांनी ओकचं ओलं खोड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून जहाजाने मागवलं होतं. एकच खोड. आणि अट एकच: पेटीला लोखंडाचा स्पर्श नको. त्या लोकांना लोखंड माहीतच नव्हतं. "लोखंड लागलं की माझं काम खलास," त्या म्हणाल्या. तेवढा एक शब्द त्या इथे शिकल्या होत्या.

आमचा मिस्त्री मालवणकडचा. पूर्वी मुहर्रकला लाकडी होड्या दुरुस्त करायचा. वाकस त्याच्या हातात असा फिरायचा की बघत राहावं. तो खोडात उकिडवा बसला आणि मॅडमनी दिलेल्या पिवळ्याधमक वाकसाने काम सुरू केलं. त्याच्या हाताखाली त्याचा सख्खा मेहुणा, त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ.

आता अडचण सांगतो. मिस्त्रीच्या हृदयाच्या नळ्या तुंबलेल्या होत्या. सलमानियाच्या इस्पितळात बायपासची तारीख मिळाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की आता टाळाल तर पुढचा झटका सांगून येणार नाही. छाती उघडायची म्हटल्यावर हा गडी आधी साफ नाहीच म्हणत होता. गावाहून बायकोने व्हिडिओ कॉलवर रडून, मी इथे ओरडून, कसाबसा होकार मिळवला होता. आणि नेमकं त्याच वेळी आम्ही त्याला शवपेटीत बसवलं.

इथल्या उन्हात ओलं लाकूड तडकतं. म्हणून काम थांबलं की मेहुणा पेटीत भिजवलेली गोणपाटं अंथरायचा. एका सकाळी मिस्त्रीने गोणपाट उचललं आणि तसाच हातात धरून उभा राहिला.

पेटीच्या तळाला, मेलेल्या माणसाची छाती येईल तिथे, पाच काळ्या रेघा होत्या. निळसर काळ्या. बोटांसारख्या फाकलेल्या. तळवा नव्हता. नुसती बोटं.

"ह्या काय ता, भाऊ?" मिस्त्री म्हणाला.

"बुरशी," मी म्हणालो. मला बुरशीतलं काही कळत नाही.

त्याने कांस्याच्या धारेने रेघ खरवडली. काळेपणा लाकडाच्या आत गेला होता. बाहेरून माखलेला नव्हता, आतून वर आल्यासारखा दिसत होता. सगळी मशिनं बंद होती. पेटीतून ओल्या ओकचा वास येत होता, आंबट, शिरक्यासारखा. मेहुणा दाराशी उभा राहून नुसता बघत होता.

दुसऱ्या सकाळी बोटं लांब झाली होती.

तिसऱ्या सकाळी ती आणखी जाड झाली होती आणि छातीपासून गळ्याकडे सरकली होती. मी स्वतः पाहिलं. मला गोष्टीत मीठ-मसाला घालायची सवय आहे हे मला ओळखणारे जाणतात, पण इथे चिमूटभरही घातलेला नाही. आदल्या दिवशीची बोटं खाली तशीच होती आणि ही नवी त्यांच्या वर. एखादं माणूस चाचपडत वर सरकतंय अशी.

मिस्त्रीने वाकस खाली ठेवला. "मी इस्पितळात जावचंय नाय."

"अरे, पेटीचा आणि इस्पितळाचा काय संबंध?"

"तिना छातयेर हात ठेवल्यान, भाऊ. छातयेरच कित्या? माका सांगता हा, उघडू नको."

मी मॅडमना फोन केला. त्या आल्या, वाकल्या, एका रेघेवर बोट ठेवलं आणि पांढऱ्याफटक पडल्या. मूळच्या गोऱ्या, तरी कळलं.

"लोखंड," त्या म्हणाल्या. "ओल्या ओकला लोखंड लागलं की तो असाच काळा पडतो. कोणी वापरलं?"

मी भाषांतर केलं. मिस्त्री चवताळला. "आवशीची शपथ! ह्या पेटयेक मी लोखंड लावूक नाय!"

आता गंमत बघा. लोखंड लागलं असेल तर मॅडमचं काम बुडालं. नसेल तर पेटीत कुणीतरी होतं आणि मिस्त्री इस्पितळात जाणार नव्हता. मॅडमनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांना त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता, म्हणजे थोडक्यात भुतावर ठेवायचा होता. आम्हा तिघांत एकटा मीच मनातल्या मनात लोखंडासाठी नवस बोलत होतो.

तेवढ्यात मागून आवाज आला. "भावोजी, माझ्या हातान झालां."

मेहुण्याने खिशातून पाच लांब खिळे काढून टेबलावर ठेवले. भावोजी शवपेटीत बसून काम करतात हे ऐकल्यापासून गावाकडे त्याच्या बहिणीची झोप उडाली होती. तिने भावाला सांगितलं, त्यात लोखंड ठेव, म्हणजे बाधा होणार नाही; आणि ह्यांना कळू देऊ नको. हा रोज गोणपाटाखाली पाच खिळे ठेवायचा आणि सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन काढायचा.

"मगे बोटां दिसली तेवा बोललंस कित्या नाय?" मिस्त्रीने विचारलं.

"माका वाटलां, ती खिळ्यांक भियाली नाय. म्हणान दुसऱ्या दिवशी मोठे ठेवलंय. मगे आणखी मोठे. आणि जरा वर, गळ्याकडे."

मी टेबल धरून हसलो. डोळ्यांतून पाणी आलं. एकटाच हसत होतो.

मॅडम स्टुलावर बसल्या होत्या. त्यांचे कित्येक महिने त्या पाच खिळ्यांखाली गेले होते. एक खिळा उचलून त्यांनी विचारलं, "पण लोखंडच का?"

मी सांगितलं. बाळंतिणीच्या उशाशी अडकित्ता, बाळाच्या उशीखाली विळा, सुतक्याच्या खिशात खिळा. लोखंड असलं की ते जवळ येत नाहीत.

मॅडमची मान हळूच हलली. "माझ्या आजीच्या गावातही पाळण्यात कात्री ठेवायचे. नाहीतर टेकडीतले लोक येऊन बाळ बदलून नेतात म्हणायचे."

"टेकडीतले म्हणजे कोण?"

त्यांनी पेटीकडे बोट दाखवलं. "हेच."

हे मी भाषांतर करायला नको होतं. मिस्त्री उडालाच. "बगलास! म्हणजे असतंत!"

मॅडमनी एका ओल्या ढलपीवर खिळा ठेवून दाखवला. दुपारपर्यंत त्याच्याखाली काळी सावली धरली. मिस्त्रीने पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाला, "ह्या खिळ्याचा झाला. तिचा काय?"

मग माझ्यातला नट जागा झाला. मी चपला काढल्या. "मॅडम, आता तरी ही पेटी तुमच्या कामाची नाही ना?" आणि आत जाऊन आडवा झालो. वरून झाकण ठेवायला लावलं.

आत गार होतं. बाहेर टिनाचं छप्पर तापलेलं, तरी आत विहिरीसारखं गार. हृदयाचा ठोका लाकडातून परत येत होता, किंचित उशिरा, शेजारच्या माणसाचा असावा तसा. बरं, पेटी मला ऐसपैस होती. तरीही थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मी अंग चोरून एका कडेला पडलोय. कुणाला तरी जागा करून दिल्यासारखा.

झाकण काढलं तेव्हा मी दोन्ही हात पसरून हसत उठलो. "कुणी नाही! झोप छान लागते!"

मिस्त्रीने माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. कपाळावर घाम होता, तो मी उकाड्याच्या खात्यावर टाकला. "तुमी बाहेर इलात," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे मी पण येतलंय."

मॅडमनी मला मिस्त्रीला आणखी एक गोष्ट सांगायला लावली. त्यांच्याकडच्या टेकड्यांमध्ये मातीतल्या लोखंडाचाच एक कडक थर पेटीभोवती आपोआप धरतो. त्याच थराने पाणी आत अडवलं, हवा बाहेर ठेवली, आणि म्हणून ती माणसं आजवर टिकली. "त्यांना लोखंड माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या, "पण राखलं लोखंडानेच." मिस्त्रीला हे पटलं की नाही, देव जाणे. ठरलेल्या तारखेला तो माझ्या गाडीत गपचूप बसला. मागच्या सीटवर मेहुणा.

ऑपरेशन नीट झालं. दोन दिवसांनी भेटायला दिलं. छातीवर मोठी पट्टी, ओठ सुकलेले, पण डोळे जिवंत. मेहुणा पायाशी उभा राहून रडत होता. बायको फोनच्या पडद्यात रडत होती. मला मात्र राहवेना. कानाशी वाकून विचारलंच, "काय रे, आत कोण होतं काय?"

त्याने छातीवरच्या पट्टीवर हळूच हात ठेवला.

"होती," तो म्हणाला. "मी म्हटलंय, जरा सरक. माका जागा देऊक नाय तिना."