ओंकारच्या नावाचा डबा

ठणठणीत रूममेट तापाने फणफणलाय असं मी मेसमध्ये सांगितलं, कारण मला तूप हवं होतं. एवढीच माझी चूक. नजर लागणं, वाचा फळणं वगैरे मी कधीच मानलं नाही. पुण्याचा आहे, आधी समोरच्याला चूक ठरवतो, मग ऐकतो. तरीही...

कानडी मुलखात, सर्जापूर रोडच्या जरा आत आमचं इंजिनिअरिंग कॉलेज, आवारातच हॉस्टेल. मेसचं सांबार इतकं पातळ की त्यात स्वतःचं भविष्य दिसायचं. तूप फक्त आजाऱ्यांना! कुणी आजारी पडलं की रूममेटने खिडकीवर जाऊन नाव सांगायचं, मग वाढणाऱ्या अक्का वेगळा डबा द्यायच्या — मऊ भात, वर तूप, मिरीचं सार, भाजलेला पापड. स्वतःच्या नावावर मिळायचा नाही. खिडकीपर्यंत चालत आलेला माणूस आजारी कसला?

त्या शनिवारी माझा रूममेट ओंकार कोरमंगलाला इंटरव्ह्यूला गेला होता. कॅम्पसमध्ये त्याला कुणी घेतलं नव्हतं, नागपूरला वडिलांचं दुकान बंद पडलेलं... ही नोकरी त्याला हवीच होती. माझाच इस्त्रीचा शर्ट घालून, शीळ वाजवत गेला.

आणि मेसमध्ये उपमा. परत.

"अक्का, ओंकारला ताप आहे, बहुत तेज."

"अय्यो, पापा! बेचारा!" अक्कांनी तूप दुप्पट ओतलं. मग स्वतःच्या घरच्या डब्यातली लसणाची चटणी भाताच्या कडेला ठेवली. "ये मेरे घर का है. उसको स्वल्प-स्वल्प खिलाना. तू मत खाना!"

खोलीत येऊन मी डबा चाटूनपुसून संपवला. पण पोट भरेना. परत जाऊन उपमा खाल्ला, वर केळी खाल्ली — तरी भूक तशीच, जणू आत काही गेलंच नाही. मी तसाही अधाशी, त्यामुळे शंका आली नाही.

दुपारी ओंकार ऑटोतून उतरला तो भिंत धरूनच. अंग तव्यासारखं तापलेलं.

"काय झालं रे? इंटरव्ह्यू?"

"कायचा इंटरव्ह्यू बे! नाव सांगितलं अन् डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांनीच ऑटोत बसवून दिलं."

"थांब, खायला आणतो काहीतरी."

"नको. सकाळपासून पाण्याशिवाय काही नाही पोटात, तरी पोट तट्ट झालंय. अन् हे ढेकर... तुपाचे, लसणाच्या चटणीचे. मी कुठे खाल्ली बे चटणी?"

माझ्या बोटांना अजून तिचा वास येत होता. हात मागे लपवला.

डॉक्टर म्हणाले, व्हायरल. असेल, ताप व्हायरल असेल! पण ढेकर? आणि माझी ती भूक? कंपनीने ओंकारला परत बोलावलं नाही. तो बरा झाल्यावर मी त्याला डब्याचं सांगितलं. त्याने खोली बदलून घेतली.

आज तो नागपुरात दुसऱ्याच्या दुकानात काउंटरवर उभा असतो. मी इथेच मारतहळ्ळीत, कंपनीच्या एसीत बसून असतो. त्या दिवशी नेमकं काय झालं, ते मला अजून उमगलेलं नाही. हे पोस्ट करण्याआधी त्यालाच पाठवलं. नाव बदलू का, विचारलं. त्याचा फोन आला.

"कशाला बदलतो बे? तेव्हा माझ्या नावावर जेवला. आता लाइकही माझ्याच नावावर घे."