वाघाने पहिली बकरी खाल्ली

मला याद्या करायची सवय आहे. घरचे हसतात, पण आमच्याकडे गॅस अचानक संपत नाही. भोरमधल्या दुकानदारांना बिलांचे आणि मालाच्या साठ्याचे प्रोग्रॅम लिहून देणं हा माझा व्यवसाय. तिथंही आधी कागद, मग कंप्युटर. मोबाईलवरचा गेम करायला घेतला तेव्हाही तसंच. पट मोठा हवा, आबांना चष्मा शोधायला लागू नये. आवाज नको. जाहिराती नकोत. इंग्रजी अक्षर नको. आणि ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, ते शेवटी लिहिलं: पासली, भोर आणि सारोळे इथली माणसं एकाच वेळी एका पटावर बसली पाहिजेत.

आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून पासलीत एकटेच राहतात. भाताची खाचरं, एक गाय, थोड्या कोंबड्या. भोरला या म्हटलं की म्हणायचे, "तितं मी काय भिंतीकडं बगत बसू व्हय?" सारोळ्याला माझा धाकटा भाऊ. हायवेला त्याचं टायरचं दुकान आहे.

खेळ आमचा घरचाच, वाघ-बकरीचा. लहानपणी ओट्यावर कोळशाने रेघा मारून खेळायचो. वाघ बकरीवरून उडी मारून तिला खातो, बकऱ्यांनी वाघाला कोंडायचं. आबा कायम वाघ, आम्ही बहीणभाऊ बकऱ्या. त्यात आबांचा एक नेम होता. पहिली बकरी तोंडाशी आली तरी ते खायचे नाहीत. वाघ दुसरीकडे वळवायचे. "पयली बकरी पोरांची," म्हणायचे. "वाघ झाला म्हनून काय लगीच तोंड घालायचं?" आम्ही मोठे झालो, आमचे केस पिकायला लागले, तरी तो नेम तसाच. दुसऱ्या बकरीपासून मात्र दयामाया नाही.

गेम करणं फार अवघड गेलं नाही. खेळणाऱ्यांचे फोन एकमेकांशी थेट बोलत नाहीत. मध्ये सर्व्हर असतो. आबांनी वाघ हलवला की ती चाल आधी सर्व्हरकडे जाते, ती नियमात बसते का ते तो बघतो, आणि मग आमच्या फोनवरचा वाघ हलतो. वाघाच्या जागी मी आबांचा फोटो लावला, फेट्यातला. जो खेळात आहे त्याच्या नावाशेजारी हिरवा ठिपका. पासलीतल्या दोन-चार घरांनीही गेम घेतला. पट कुणालाही बघता यायचा.

घोडं अडलं ते रेंजपाशी. आबा गुरामागं ओढ्याकडे उतरले की त्यांचा फोन गप्प. मी भोरला आणि भाऊ सारोळ्याला, दोघं पटाकडे बघत बसायचो.

"अक्का," भाऊ म्हणायचा, "तुजा गेम म्हंजी वेल्ह्याची एसटी झालाय. येनार येनार म्हनत्यात, येत काय न्हाई."

ते मला लागलं. मी कामाला लागले आणि नवा नियम घातला: खेळाडूची चाल ठरलेल्या वेळात आली नाही, तर त्याच्या वतीने सर्व्हरनेच साधीशी चाल करायची. खेळ अडायचा नाही, हिरवा ठिपका विझायचा नाही. भावाने तोंड भरून कौतुक केलं. आबांना सांगितलं तेव्हा ते नुसतं "बरं" म्हणाले. त्यांना ते कळलं होतं असं मला वाटत नाही.

मग हळूहळू आमचे फोन कमी झाले. पूर्वी रोज सकाळी मी फोन करायचे: गोळी घेतली का, चूल नीट विझवली का. आता चहाचा कप हातात असताना वाघ हलायचा आणि मी मनातल्या मनात एक ओळ खोडायचे. आबा ठीक.

भात मळून झालं होतं, थंडी पडायला लागली होती. त्या सकाळी नवा डाव मांडला. सवयीप्रमाणे मी एक बकरी मुद्दाम वाघापुढे नेऊन ठेवली. आमच्यात तो नमस्कारच. आबा वाघ वळवणार, मग खरा खेळ सुरू.

वाघाने उडी मारली आणि बकरी खाल्ली.

मी कप खाली ठेवला. आधी वाटलं, बोट चुकून लागलं असेल. दुसरी बकरी पुढे केली. वाघाने तीही खाल्ली, पहिलीसारखीच, ठरलेली वेळ संपताक्षणी. फेट्यातले आबा पटावर हसत होते आणि शेजारी ठिपका हिरवागार. हे आबा नव्हते.

सर्व्हर उघडून पाहिला. आबांच्या फोनवरून आलेली शेवटची चाल परवा सकाळची होती. त्या डावातली पहिली बकरी त्यांनी सोडली होती; तिथून पुढे काल डाव संपेपर्यंत मी मशीनशी खेळले होते. काल हरले तेव्हा "आबा, आज फॉर्मात आहात" असंही लिहून पाठवलं होतं.

आबांचा फोन बंद. शेजारच्या काकूंना लावला.

"जय भीम गं बाय. आबा? दार तर लावल्यालं हाय. आमी म्हनलं, तुज्याकडंच गेलं आस्तील."

"गाय कुठंय?"

"गाय काल लई वरडत हुती. सुनंनं पानी दावलं."

"मग कुणाला काही वाटलं नाही का, काकू?"

"वाटाया काय? सून म्हनली, आत्याबाई, आबा गेमात हायेत, वाघ पळतोय नुस्ता. मंग बरंच आसनार की."

कडी बाहेरून की आतून, ते विचारलं. बाहेरून. म्हणजे घरात पडलेले नाहीत. म्हणजे कुठंतरी बाहेर पडलेत, दोन थंडीच्या रात्री. काकूंना म्हटलं, माणसं गोळा करा, ओढा बघा, विहीर बघा.

भावाला सांगितलं तर तो आधी हसला. "आगं, म्हातारा वाघ हाय. आसंल कुटं तरी गप्पा हानत." मी म्हटलं, "पहिली बकरी खाल्ली रे." पलीकडे दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "कापूरव्हळला ये. टेम्पो काडतो."

कापूरहोळपर्यंत मी एसटीने गेले. पुढे चेलाडी फाटा, मग वेल्ह्याकडे. घाबरले की मी याद्या करते, तशी टेम्पोत करत होते. बॅटरी. पांघरूण. बीपीच्या गोळ्या. पासलीला गाडी कुठवर जाते. अँब्युलन्सला सांगायचा रस्ता. त्याच यादीत मध्येच येत होतं: सगळ्या नातेवाइकांना कळवायचं कुणी. ती ओळ मी काढायचे, ती परत यायची. भाऊ सतत काहीतरी बडबडणारा माणूस, वेल्हे येईपर्यंत नुसता हॉर्न वाजवत होता. पटावर बघायची छाती होत नव्हती, तरी एकदा पाहिलंच. माझी वेळ टळून गेली होती, म्हणून आता माझ्या बकऱ्याही सर्व्हर हलवत होता. ठिपके सगळे हिरवे. आम्ही कुणीच तिथं नव्हतो आणि खेळ मजेत चालला होता.

पासलीत टेम्पो थांबला तेव्हा काकू रस्त्यावरच उभ्या होत्या. त्यांनी नुसतं वर डोंगराकडे बोट केलं.

उतारावरून माणसं खाली येत होती. दोघांच्या खांद्यावर बांबू, बांबूला चादरीची झोळी. गाडी जात नाही तिथून आमच्याकडे आजारी माणूस असाच उतरवतात. मेलेलाही असाच. झोळीवर वरपर्यंत घोंगडी होती. मी तोंड शोधत होते आणि तोंड दिसत नव्हतं. भावाने माझा दंड इतका घट्ट धरला की बोटांचे वळ नंतर दोन दिवस राहिले.

तेवढ्यात घोंगडीतून हात बाहेर आला आणि पुढच्या गड्याच्या पाठीवर थापटला. "आरं हळू! मी काय भाताचं पोतं हाय व्हय?"

मी खाली मातीत बसले.

वरच्या वरकस रानात, डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत, खोपटातला पेंढा बघायला आबा गेले होते. बांधावरून पाय घसरला, घोटा मोडला, फोन घळीत गेला. सरपटत खोपटात शिरले, पेंढ्यात स्वतःला पुरून घेतलं. झऱ्याचं पाणी जवळ होतं म्हणून निभावलं. हाका मारून घसा बसला होता. टेम्पोत पांघरुणात गुंडाळल्यावर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मला वाटलं, चाल आली न्हाई म्हंजी तुमाला कळंल. पोरं येतील. त्याच आशंवर हुतो."

मी त्यांचं पांघरूण सारखं करत राहिले. भाऊच बोलला. "चाल येत हुती, आबा. मशीन तुमच्या जागी खेळत हुतं. आज सकाळी त्यानं पयली बकरी खाल्ली, तवा अक्काला कळलं."

आबांनी डोळे उघडले. घोटा सुजून भोपळा झालेला, ओठ फुटलेले, पण रागावले ते यावर. "पयली बकरी? माज्या फोटोनं?"

भोरला हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. आबा झोपले, मी तिथंच बाकावर लॅपटॉप उघडला आणि तो नियम काढून टाकला. आता चाल आली नाही तर वाघ जागच्या जागी बसतो आणि हिरवा ठिपका विझतो. पासलीत ज्यांच्याकडे गेम आहे त्यांनाही ते दिसतं. काकूंच्या सुनेला सांगून ठेवलंय: ठिपका विझला की आधी दार वाजवायचं.

आबा पुन्हा पासलीत आहेत, काठी आणि नवा फोन घेऊन. रेंज अजून तशीच. वाघ दिवसातून कितीदा तरी थिजून बसतो आणि प्रत्येक वेळी मी हातातलं काम टाकते. आजही टाकलं. फोन लावला.

"आबा, चाल का नाही आली?"

"आगं, कालवण लागाया आलंय. तुजी बकरी कुटं पळून चाललीया व्हय?"

मी फोन ठेवला आणि पटापुढे बसून राहिले. बऱ्याच वेळाने ठिपका हिरवा झाला. माझी बकरी अगदी तोंडाशी उभी होती. वाघ दुसरीकडे वळला.